हात सोडला तरी बाहुला चालतो, तेव्हा दोष कोणाचा?



या सदरात आजवर आपण मिक्सर, पंखा, इस्त्री, टी.व्ही. यांच्या दुखण्यांविषयी बोललो. आज मुलांच्या यंत्राविषयी बोलायचे आहे. टी.व्ही.ला जोडून खेळतात त्या गेमविषयी. “आमच्या घरात असली थेरं नाहीत,” असे म्हणून कोणी पान उलटू नये. तुमच्या घरात नसेल तर शेजारच्या घरात असेल, आणि तुमचा मुलगा शाळेतून आला की तिथे जाऊन बसत असेल.

गेल्या वर्षी नाशिकच्या सातपूरला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. दाजी कारखान्यात वेल्डर आहेत. दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी मुलासाठी एका दुकानातून जुने गेमचे यंत्र घेतले होते. मुलगा नववीला चांगल्या गुणांनी पास झाला होता, त्याचे ते बक्षीस. मी गेलो तेव्हा ते यंत्र जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकलेले होते. बाप-लेक चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

बहीण म्हणाली, “दादा, तीन महिन्यांत वाटोळं केलं बघ ह्यानं. रिमोट आपटला आणि वर खोटं बोलतोय.”

झाले असे की, खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालू लागला. हात सोडला तरी चालतच राही. दाजी रिमोट घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने तो उघडूनही पाहिला नाही. “पोरानं आपटलाय. नवा घ्या, चार हजार,” एवढे सांगून मोकळा झाला. घरी येऊन दाजींनी मुलाच्या कानाखाली वाजवली. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामा, शपथ सांगतो, मी एकदाही आपटला नाही. पण माझं कोण ऐकतंय?”

मी रिमोट हातात घेऊन पाहिला. कोपऱ्याला ओरखडा नाही, कवचाला चीर नाही. आपटलेली वस्तू असे कोरे अंग घेऊन येत नाही. चार स्क्रू काढून तो उघडला आणि दाजींना जवळ बोलावले.

अंगठ्याने फिरवायची जी दांडी असते, तिच्या दोन बाजूंना दोन चिमुकल्या डब्या असतात. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचे बटण आठवा. आत कार्बनची काळी पट्टी आणि तिच्यावर घासत सरकणारी धातूची जीभ. जीभ पट्टीवर कुठे आहे, त्यावरून यंत्राला कळते की दांडी किती झुकली. रेडिओ जुना झाला की बटण फिरवताना तो खरखरतो, कारण पट्टी झिजलेली असते. गेमच्या दांडीचेही तसेच आहे. फरक इतकाच की रेडिओचे बटण दिवसातून चार वेळा फिरते आणि ही दांडी तासाला शेकडो वेळा. पट्टी झिजली, तिची काळी भुकटी आत साचली, की दांडी मध्यावर असूनही यंत्राला वाटते, ती डावीकडे झुकली आहे. मग खेळातला माणूस डावीकडे चालू लागतो. इंग्रजीत या रोगाला ड्रिफ्ट म्हणतात. म्हणजे नाव आपोआप प्रवाहाबरोबर वाहत जाणे.

दाजींनी ती झिजलेली पट्टी उजेडात धरून पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

वाचकहो, हा रोग एका सातपूरच्या घरातला नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ३ मार्च २०१७ रोजी स्विच नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या जॉय-कॉन या छोट्या रिमोटांना हाच रोग जडला. जगभरच्या घरांत तेच घडले असेल. आई-बापांनी मुलांना विचारले असेल, “आपटलास का?” पण काही ग्राहक गप्प बसले नाहीत. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत कंपनीवर दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये भागधारकांच्या सभेत कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी सुमारे २५ हजार तक्रारी गोळा केल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या युरोपीय आयोगापुढे ठेवल्या. तक्रार करणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांचे रिमोट पहिल्या दोन वर्षांतच बिघडले होते. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने युरोपपुरते कबूल केले की मुदत संपली असली तरी हा दोष फुकट दुरुस्त करून देऊ.

विचार करा. एकेका घरात जोवर “पोराने मोडले” असे म्हटले जात होते, तोवर तो पोराचा दोष होता. २५ हजार घरांनी एकत्र लिहिले, तेव्हा तो यंत्राचा दोष ठरला.

यावर उपाय नाही असेही नाही. दांडीखाली घासणाऱ्या पट्टीऐवजी चुंबक ठेवायचा आणि न शिवता त्याची जागा ओळखायची, ही युक्ती सेगा कंपनीने १९९८ सालच्या ड्रीमकास्ट यंत्रात वापरली होती. ज्याला घर्षण नाही, त्याला तशी झीज नाही. तरीही जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्येही कंपनीने चुंबकाची दांडी वापरलेली नाही. इतर काही कंपन्यांचे चुंबकी दांडीचे रिमोट मात्र बाजारात मिळतात. नवा रिमोट घ्यायचाच असेल तर “हॉल इफेक्ट आहे का?” एवढे चार शब्द दुकानदाराला विचारावेत. आपले यंत्र कोणते तेही सांगावे, कारण प्रत्येक रिमोट प्रत्येक यंत्राला चालत नाही.

आता जरा मागे जाऊ. आपल्यापैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांना कॅसेटचा गेम आठवत असेल. नव्वदीच्या दशकात गल्लीतल्या पार्लरमध्ये तासाच्या भाड्याने तो खेळायला मिळे. चित्र आले नाही की आपण कॅसेट काढून फूं करून फुंकायचो आणि पुन्हा बसवायचो. बहुतेक वेळा चित्र यायचेही! आपल्याला वाटे, फुंकरीने काम केले. खरे काम केले ते काढून पुन्हा बसवण्याने, कारण त्यामुळे कॅसेटचे पाय नव्या जागी टेकत. फुंकरीने उलट तोंडातला ओलावा आत जाई आणि पाय गंजत.

ज्या मूळ यंत्राच्या त्या नकला होत्या, ते निन्टेन्डोने जपानमध्ये १९८३ साली आणले. पहिल्या मालात चिपचा दोष निघाला आणि कंपनीला यंत्रे परत घ्यावी लागली. पुढे १९८५ साली तेच यंत्र रूप पालटून अमेरिकेत गेले. तिथे कॅसेट पुढून सरकवून खाली दाबायची रचना केली. त्या दाबादाबीने आतले ७२ स्प्रिंगचे पाय सैल पडू लागले. शिवाय नकली कॅसेट अडवण्यासाठी आत एक पहारेकरी चिप बसवली होती. पाय नीट टेकले नाहीत की पहारेकऱ्याला खुणेचा शब्द ऐकू येत नसे आणि तो यंत्राला सेकंदा-सेकंदाला बंद-चालू करी. पडदा लुकलुकत राही. म्हणजे चोर अडवायला ठेवलेला पहारेकरी घरधन्यालाच दारात अडवत होता. आपल्याकडच्या नकला जपानी यंत्रावरून केलेल्या, त्यात हा पहारेकरी नव्हता. म्हणून आपले दुखणे फक्त मळलेल्या पायांचे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत आले आणि २००६ मध्ये भारतात. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. यंत्राच्या तोंडावरच्या गोल दिव्याचे तीन भाग लाल लुकलुकायचे आणि यंत्र मेले. ही गोष्ट सांगितली तेव्हा दाजींनीच कारण ओळखले. म्हणाले, “तापून गार झालं असेल, पुन्हा तापून गार. जोड तडकणारच.” अगदी तेच! चिप तापली की फुगते, गार झाली की आकसते. रोजच्या या ओढाताणीने चिपच्या आतल्या केसाएवढ्या जोडण्या तुटत होत्या. कंपनीच्या अभियंत्यांनी हे २०२१ सालच्या माहितीपटात उघडपणे सांगितले.

लोकांनी तेव्हा काय केले? कुणी सांगितले, यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवा, बरे होते. ते आणखी तापायचे, कधी कधी तात्पुरते चालायचेही. पण आगीला आमंत्रण देणारा हा उपाय कोणीही करू नये. खरा उपाय झाला तो तक्रारींच्या रेट्याने. ५ जुलै २००७ रोजी कंपनीने जाहीर केले की या दोषासाठी खरेदीपासून तीन वर्षे जगभर फुकट दुरुस्ती मिळेल आणि ज्यांनी आधीच पैसे भरून दुरुस्ती केली त्यांचे पैसे परत मिळतील. त्यासाठी कंपनीने शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. ज्याने पावती जपली होती, त्याला हक्क मागणे सोपे गेले. ज्याने रागाने यंत्र भंगारात दिले, तो कशाच्या आधारावर मागणार?

आता येणाऱ्या नव्या खेळांविषयी. मुले तारखा पाठ करून बसतात आणि “आत्ताच पैसे भरू, पहिल्या दिवशी मिळेल,” असा हट्ट धरतात. त्यांना सायबरपंक २०७७ या खेळाची हकीकत सांगावी. हा खेळ २०१२ साली जाहीर झाला. एप्रिल २०२० ची तारीख दिली, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर, आणि शेवटी १० डिसेंबर २०२० ला तो आला. तोवर सुमारे ८० लाख लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली होती. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो इतका अडखळत, बंद पडत चालला की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत देऊ केले. तो परत आला जून २०२१ मध्ये. पुढे दुरुस्त्या होत होत खेळ चांगला झाला. ज्यांनी धीर धरला, त्यांना तो कमी पैशांत मिळाला.

सध्या सगळ्या पोरांच्या तोंडी ग्रँड थेफ्ट ऑटोच्या सहाव्या भागाचे नाव आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले, २०२५ साली येईल. मे २०२५ मध्ये सांगितले, २६ मे २०२६ ला येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले, १९ नोव्हेंबर २०२६ ला येईल. म्हणून ज्याची तारीख इतक्यांदा सरकली, त्याच्यासाठी गाठीचे पैसे आधी अडकवू नयेत. आणखी एक गोष्ट आई-बापांनी ध्यानात ठेवावी. या मालिकेचे आधीचे भाग मोठ्या माणसांसाठी आहेत. पाचव्या भागाच्या वेष्टनावर युरोपात १८ चा आकडा छापलेला होता. सिनेमाचे प्रमाणपत्र पाहतो, तसा हा आकडाही पाहावा.

डिस्कविषयीही बोलले पाहिजे. आपल्या वस्तीत एक डिस्क चार घरे फिरते. खेळून झाली की अर्ध्या किमतीत विकता येते. गरिबाच्या मुलाला नवा खेळ मिळतो तो असाच. २०१३ च्या मे-जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी नियम जाहीर केले होते की यंत्राने दर २४ तासांत एकदा इंटरनेटला जोडले गेले पाहिजे, आणि डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने राहतील. लोकांनी एवढा गदारोळ केला की १९ जून २०१३ रोजी कंपनीला दोन्ही नियम मागे घ्यावे लागले. पण आता तीच गोष्ट मागच्या दाराने येत आहे. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल प्रकारात डिस्कची खाचच नाही. यंत्र स्वस्त मिळते, पण प्रत्येक खेळ कंपनीच्या दुकानातूनच घ्यावा लागतो. तो शेजाऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही. स्विच २ च्या काही कॅसेटांमध्ये तर खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. घेताना पाच हजार वाचवले आणि पुढे दर खेळाला दुप्पट मोजले, असे होऊ नये.

घेताना आणि घेतल्यावर काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो.

एक. जुने यंत्र घेताना दुकानातच टी.व्ही.ला जोडून अर्धा तास चालवून पाहावे. रिमोट टेबलावर ठेवून हात काढावा. पडद्यावर काही हलत असेल तर तो घेऊ नये.

दोन. परदेशातून आणलेल्या यंत्राच्या वीजपुरवठ्यावरचे अक्षर वाचावे. १००–२४० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्याकडे चालेल. एक्सबॉक्स ३६० चा अमेरिकन वीजपुरवठा फक्त तिकडच्या कमी दाबाचा होता. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात तो लावला तर जळणार.

तीन. यंत्र शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नये. वर कापड घालू नये. चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवावी. पंखा घरघरू लागला तर धूळ साचली आहे असे समजावे.

चार. मुख्य बटण खटकन बंद करू नये. आधी यंत्राच्या पडद्यावरून बंद करावे. वीज वारंवार जात असेल तर आधी साठवलेला खेळ जाऊ शकतो, हे मुलांना सांगून ठेवावे.

पाच. दांडी आपोआप चालू लागली तर आधी यंत्राच्या सेटिंगमध्ये रिमोट पुन्हा जुळवून पाहावा. मग यंत्र बंद ठेवून दांडीच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापसाचा बोळा फिरवावा. तेल, रॉकेल, खोबरेल यांतले काहीही घालू नये. एवढ्याने भागले नाही तर दांडीचा सुटा भाग बदलावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात असे सुटे भाग शोधावेत. त्याला डझनाहून अधिक टाके असतात, म्हणून हात बसलेल्या कारागिराकडूनच काम करून घ्यावे.

सहा. पक्के बिल घ्यावे, जुन्या वस्तूचेही. बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण छापील शाई वर्षभरात उडते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मराठीतूनही तक्रार सांगता येते. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे.

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, “मुलगा दिवसभर खेळतो, यंत्र फोडून टाकू का?” ताई, फोडू नका. मुलाबरोबर बसून वेळ ठरवा आणि ती त्याच्याच हाताने भिंतीवर लिहून लावा. ज्या दिवशी अभ्यास, खेळणे, जेवण वेळेवर झाले त्या दिवशी त्याचा तास त्याला बिनबोभाट मिळू द्या. आपण शब्द पाळला की तोही पाळायला शिकतो.

आता सातपूरची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या दिवशी मी शे-दीडशे रुपयांची नवी दांडी आणली. टाके मी घालणार होतो, पण दाजी म्हणाले, “द्या इकडं.” दिवसभर लोखंड जोडणारा तो माणूस चष्मा लावून, श्वास रोखून, एकेक बारीक टाका घालत होता. मुलगा टॉर्च धरून शेजारी उभा होता. रिमोट जोडला, यंत्र चालू केले, हात काढला. पडद्यावरचा माणूस जागेवर उभा राहिला.

दाजी मुलाकडे न पाहता म्हणाले, “चूक माझी होती. आधी उघडून बघायला पाहिजे होतं.”

पोरगा काही बोलला नाही. दुसरा रिमोट नव्हता, म्हणून आपल्या हातातला त्याने बापाच्या हातात दिला आणि कोणते बटण कशाचे ते दाखवू लागला.

वाचकहो, घरात काही मोडले की आपला हात आधी लेकरावर उठतो, कारण ते जवळ असते आणि कंपनी लांब असते. पुढच्या वेळी हात उचलण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर उचला.

पुढच्या अंकात मोबाइलच्या फुगलेल्या बॅटरीविषयी. तोवर आपल्या यंत्रांची गाऱ्हाणी पोस्टकार्डावर कळवीत राहा.